मेटालिका: खरी फारकत १९९१ ची नाही, १९८६ ची

बेसवेडा
मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या चाहत्यांचं भांडण नेहमी १९९१ वर येऊन अडतं. काळा अल्बम (काळ्या मुखपृष्ठाचा 'मेटालिका') आला, बँड रेडिओसाठी वाजवायला लागला, खेळ खलास. मला हे पटत नाही. माझ्या मते तुटलं ते २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे. स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता.

पहिले तीन अल्बम ओळीने ऐका. 'किल देम ऑल' (१९८३) म्हणजे नुसता वेग. मस्त आहे, पण पोरवयाचा. वर्षभरात 'राइड द लाइटनिंग' येतो. त्याचं पहिलंच गाणं हळुवार अकूस्टिक गिटारने सुरू होतं आणि मग अंगावर कोसळतं. 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या सुरुवातीला जी किंचाळणारी धून आहे, ती मी कित्येक वर्षं गिटार समजत होतो. तो बर्टनचा बेस आहे! आणि 'मास्टर ऑफ पपेट्स'मधलं (१९८६) 'ओरायन': आठ मिनिटांहून मोठं, गायन नाही. मधोमध सगळं थांबतं, बेस एकटा चालू लागतो आणि गिटारी एकेक करून त्याला येऊन मिळतात. बर्टनला जुना जर्मन संगीतकार बाख आवडायचा. दोन गिटारी निराळ्या सुरांत एकमेकींना धरून कशा चालतात, हे बाकीचे त्याच्याकडून शिकले.

पुढच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये, म्हणजे 'जस्टिस'मध्ये (१९८८), बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. नवा आलेला जेसन न्यूस्टेड वाजवतोय, पण मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, त्याला पुसून टाकलंय. माझ्यासाठी बँड तिथेच बदलला.

काळी कॅसेट
साफ असहमत. मिक्स वाईट म्हणून गाणी वाईट होत नाहीत. 'ब्लॅकन्ड' आणि 'वन' बर्टन गेल्यानंतरचीच ना?

शिवाय 'विकले गेले' ही शिवी १९९१ ची नाहीच. १९८४ मध्ये 'फेड टू ब्लॅक' आलं तेव्हाही जुने चाहते बिथरले होते, थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) वाजवणारा बँड असलं हळवं गाणं करतोच कसा म्हणून. आज त्याच गाण्याला तुम्ही सुवर्णकाळात धरता.

मी सांगलीत वाढले. १९९३ मध्ये मावसभावाने मुंबईहून काळ्या अल्बमची कॅसेट आणली. त्याआधी मी या जातीचं काहीही ऐकलेलं नव्हतं. 'सॅड बट ट्रू' लागलं आणि टेपरेकॉर्डरची काच थरथरली. तारा उतरवून लावल्यात, ठेका संथ आहे, आणि न्यूस्टेड अखेर ऐकू येतोय. निर्माता बॉब रॉकने त्यांना वेगवेगळं रेकॉर्ड न करता एकत्र वाजवायला बसवलं. 'जस्टिस'ची लांबलचक गाणी मंचावर वाजवून बँड स्वतःच कंटाळला होता. एका रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर) अख्खं गाणं उभं करायला सात रिफ जोडण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

दगडफोड्या
धीर मान्य. पण गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा उजवा हात कुठे गेला? 'मास्टर ऑफ पपेट्स'चा मुख्य रिफ तो सगळा वरून खाली मारलेल्या फटक्यांनीच वाजवतो, त्या वेगात. मी गिटार वाजवतो. दोन मिनिटांत मनगट भरून येतं. ती धार पुढच्या 'लोड' अल्बममध्ये नाही. 'सेंट अँगर'वर (२००३) तर बोलायलाच नको. एकही गिटार सोलो नाही, आणि स्नेअर ड्रम डबडं बडवल्यासारखा.

उत्तररात्र
'सेंट अँगर' सोडून देऊ, तिथे मी वकिली करणार नाही. 'लोड'साठी (१९९६) मात्र करणार.

सगळे बोटांबद्दल बोलताहेत, शब्दांबद्दल कोणीच नाही. हेटफिल्ड सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. धर्मश्रद्धेपायी तिने उपचार नाकारले होते. १९८८ च्या 'डायर्स ईव्ह'मध्ये तो आईवडिलांवर नुसता ओरडतो, 'द गॉड दॅट फेल्ड'मध्ये (१९९१) त्या श्रद्धेवर चिडतो. आणि 'लोड'मधल्या 'मामा सेड'मध्ये पहिल्यांदा आईशी बोलतो. गिटार कंट्री वळणाची आहे, आवाज खाली आलाय. माझी आई गेल्यावर 'डायर्स ईव्ह' मला ऐकवेना, हे मात्र रात्ररात्र ऐकलं. त्या वर्षी लोक त्यांचे कापलेले केस मोजत बसले होते.

दगडफोड्या
तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. हे गाणं मी नेहमी पुढे ढकलत आलो. आज पूर्ण ऐकेन. धारेचा मुद्दा तरी सोडत नाही.

काळी कॅसेट
३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी होते, पुण्याहून रात्रभर बसने गेलो होतो. 'मास्टर ऑफ पपेट्स'ला आणि 'नथिंग एल्स मॅटर्स'ला माझ्या शेजारचे तेच लोक तेवढ्याच जिवाने गात होते.

बेसवेडा
गर्दी गाते म्हणून रचना सरस ठरत नाही, माझा मुद्दा रचनेचा आहे.

उत्तररात्र
मग रचनाच घ्या. 'लोड'चं शेवटचं गाणं, 'दि आउटलॉ टॉर्न'. अल्बम सीडीत मावेना म्हणून त्याचं जवळपास एक मिनिट कापावं लागलं. न कापलेलं रूप नंतर 'द मेमरी रिमेन्स'च्या सिंगलवर आलं. ते हेडफोन लावून ऐका. गिटारी दूरवर तरंगतात आणि पायाखाली न्यूस्टेडचा बेस चालत राहतो.

बेसवेडा
आत्ताच दोनदा ऐकलं. बेसबद्दल तुमचं खरं आहे, आणि हे मी वीस वर्षं ऐकलं नाही याचं वाईट वाटतंय. पण 'ओरायन'मध्ये बेस थांबला की गाणं वळतं. इथे तो फक्त सोबत करतो. माझी तक्रार नेमकी तीच आहे.