मदत हवी आहे: भावाचं पेनकिलरचं व्यसन, महिन्याला एक इंजेक्शन आणि व्हिडिओवर काउन्सेलिंग

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. तीन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवसांसाठी ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची पेनकिलर दिली होती, त्या पंधरा दिवसांची तीन वर्षं कधी झाली ते आम्हाला कळलंच नाही, म्हणजे कळत होतं पण पाठ दुखतेय म्हणतोय तर घेऊ दे असं चाललेलं. मग त्याहून जोरदार गोळ्या, मग मिळेल तिथून मिळेल ते. गोळी चुकली की चार-सहा तासांत जांभयांवर जांभया, नाक गळायला लागतं, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. आता मला त्याच्या नुसत्या जांभईवरून कळतं.

गेल्या वर्षी दहा दिवस अ‍ॅडमिट करून सगळं बंद केलं. घरी आला तेव्हा चेहरा खुलला होता हो. सहाव्या दिवशी बाथरूमचं दार उघडेना, तोडून बघितलं तर ओठ निळे. वाचला. त्याने जुन्या हिशोबाने गोळ्या घेतल्या होत्या, आणि शरीराची ती सवय दहा दिवसांत मोडली होती, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

आता एक टीम मिळालीये जी बहुतेक सगळं ऑनलाइन करते. डॉक्टर व्हिडिओवर, दर आठवड्याला काउन्सेलर पाऊण तास व्हिडिओवर आणि महिन्याला एक इंजेक्शन. माझ्या डोक्यात गोंधळ असा की इंजेक्शन काय कुरियरने येणार का, आणि आलं तर मीच देऊ का? आईला इन्सुलिन मी देते त्यामुळे सुईची भीती नाही. दुसरं, त्यांनी दोन नावं सांगितली, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन, यातलं पहिलं स्वतःच अफूच्या जातीचं आहे म्हणे, तर काका म्हणतात एक नशा सोडायला दुसरी लावताय. आणि सगळ्यात मोठी शंका, हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलतो, मी रोज स्ट्रिप्स मोजते तरी चकवतो, तो स्क्रीनवरच्या परक्या बाईशी खरं बोलेल? कुणाच्या घरी हा उपचार झालाय का? प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद:
गोळ्या सोडायला इच्छाशक्ती लागते. इंजेक्शनं वगैरे धंदा आहे सगळा.

प्रतिसाद (मी व्यसनमुक्ती विभागात नर्स आहे):
वरच्या दादांना इतकंच सांगते की निळ्या ओठांवर इच्छाशक्ती चालत नाही.

ताई, आधी कुरियरचं. नाही, घरी येणार नाही आणि तुम्ही द्यायचंही नाही, इन्सुलिनचा हात कितीही बसला असला तरी. ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्याचं इंजेक्शन, सब्लोकेड नावाने येतं, अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं, ते कातडीखाली गेलं की तिथल्या ओलाव्याने घट्ट होऊन त्याचा गोळा बनतो आणि त्या गोळ्यातून महिनाभर औषध झिरपत राहतं. हेच चुकून शिरेत गेलं तर गोळा रक्तात बनेल आणि फुफ्फुसात जाऊन अडकेल, जीव जाऊ शकतो. म्हणून ते पेशंटच्या किंवा घरच्यांच्या हातात देतच नाहीत, आरोग्यसेवेतलं माणूसच देतं. म्हणजे दूरून दूरून म्हणतात तरी महिन्यातून एकदा त्याला उठून जावं लागेल, किंवा काही ठिकाणी नर्स घरी येते. बाकी तपासणी, गप्पा, पाठपुरावा सगळं फोनवर होतं.

आता दोन औषधं. गर्दीच्या बसमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, नाल्ट्रेक्सोन तसं आहे. मेंदूत अफूच्या जातीच्या गोळीची जी सीट असते ती अडवतं, बसत कुणीच नाही. वरून गोळी घेतली तरी नशा चढत नाही, पण तलफेला, अंग मोडून येण्याला त्याचा ब्युप्रेनॉर्फिनसारखा आधार नाही. ब्युप्रेनॉर्फिन स्वतः त्या सीटवर बसतं, घट्ट बसतं, कुणी उठवू म्हटलं तर सहज उठत नाही, आणि बसलेलं असल्यामुळे शरीराला रिकामं वाटत नाही. पण त्याचा असर एका मर्यादेच्या वर वाढत नाही, म्हणून श्वास थांबायचा धोका बाकीच्या गोळ्यांपेक्षा बराच कमी. काकांना सांगा, नशा आणि औषध यातला फरक माणूस सकाळी उठून कामाला जातो का यावर कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध २००५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलंय.

अडचण नाल्ट्रेक्सोनच्या सुरुवातीला येते. ३८० मिलिग्रॅम, कुल्ल्यात, दर चार आठवड्यांनी, पण पहिल्या इंजेक्शनआधी ७ ते १० दिवस अंगात एकही गोळी नको, नाहीतर विड्रॉवल, म्हणजे गोळी तुटल्यावरचा त्रास, असा उसळतो की माणूस पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. त्याच १० दिवसांत लोक घसरतात. अमेरिकेत ५७० जणांवर दोन्हींची तुलना झाली होती, २०१८ ला लॅन्सेटमध्ये आली, त्यात नाल्ट्रेक्सोनच्या गटातले २८ टक्के लोक पहिल्या इंजेक्शनपर्यंत पोचलेच नाहीत, ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात ६ टक्के (तिथे रोजची जिभेखालची होती, इंजेक्शन नव्हतं). जे सुरू करू शकले त्यांच्यात दोन्हींचा गुण जवळपास सारखा. तुमच्या भावाचा सहावा दिवस वाचून मी तरी डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिनबद्दल आधी विचारीन. ठरवणार अर्थात तेच, लिव्हरच्या तपासण्या वगैरे बघून.

आणि इंजेक्शन कुठलंही ठरो, नॅलोक्सोनचा, म्हणजे गोळ्या जास्त झाल्यावर त्यांचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, नाकातला स्प्रे आजच घरात आणून ठेवा. कसा मारायचा ते सगळ्यांना दाखवा, काकांनाही. स्प्रे मारला तरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचीच, कारण त्याचा असर गोळीच्या आधी उतरू शकतो.

प्रतिसाद:
मी स्वतः ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन घेतोय. सतरा झाली. नाव-गाव विचारू नका.

पोटावर देतात, सुई जाडसर असते, मिनिटभर चांगलंच चरचरतं, मग वाटाण्यापेक्षा मोठी गाठ हाताला लागते. ती चोळायची नाही, दाबून बघायची नाही, आपोआप विरघळते. पहिले दोन महिने ३०० मिलिग्रॅम होतं, मग १०० वर आणलं. पहिल्या महिन्याच्या चौथ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की उतरलं, उतरलं, आता काही खरं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले काही जणांना सुरुवातीला तसं होतं, औषध अंगात साचायला काही महिने लागतात, लपवू नका, मधल्या काळासाठी जिभेखालची देता येते. तिसऱ्या इंजेक्शननंतर ते वाटणं गेलं. एकदा मी नऊ दिवस उशिरा गेलो तरी काही बिघडलं नाही, हे औषध अंगातून फार हळू जातं. नाल्ट्रेक्सोनवाल्यांनी मात्र तारीख चुकवू नये, महिना संपत आला की अडवणूक ढिली होते आणि शरीराची जुनी सवय गेलेली असते, तेव्हाच घात होतो.

खरा फायदा सांगू? रोज सकाळी उठून ठरवावं लागत नाही. जिभेखालची फिल्म होती तेव्हा मी रोज ठरवायचो, आज घेऊ की आज सोडून दुसरंच काही घेऊ. आता ते महिन्यातून एकदा ठरतं, तेही खुर्चीत बसून.

काउन्सेलिंग मी गाडीत बसून करतो, बंद काचा, मोबाईल स्टिअरिंगला टेकवून. घरात भिंतींना कान आहेत. ताई, हे तुम्हालाही लागू आहे, राग मानू नका.

धागाकर्ती:
राग कसला, परवाच पकडले गेले मी! पहिला व्हिडिओ कॉल होता, मी कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने दाराआड उभी. काउन्सेलर बाईंनी त्याला सांगितलं की आधी फोन हातात घेऊन खोलीभर फिरवा, बोलताना तिथे कोण आहे ते मला दिसू दे. फोन फिरत फिरत दारापाशी आला आणि स्क्रीनवर मी, हातात टॉवेल. बाई अगदी गोड हसून म्हणाल्या, ताई, तुमच्याशी मी वेगळं बोलेन. इतकी लाज वाटली ना.

नंतर खरंच वेगळं बोलल्या. स्ट्रिप्स मोजणं बंद करा म्हणाल्या. मी म्हटलं मग कळणार कसं, तर म्हणाल्या त्यासाठी आमची लघवीची तपासणी आहे, ती आम्ही करू, तुम्ही मोजलंत की तो तुमच्यापासून लपवायला शिकतो आणि तीच सवय आमच्याकडे घेऊन येतो. मला पटलंही आणि पटलं नाहीही. तीन वर्षं मी दुसरं केलंय काय?

अजून एक राहिलं, उद्या त्याला अपघात झाला किंवा परत ऑपरेशन लागलं तर भूल, पेनकिलर चालतील का?

प्रतिसाद (वरचीच नर्स):
भूल देता येते, पण भूलतज्ज्ञाला आधी माहीत हवं. नाल्ट्रेक्सोनवर असताना अफूच्या जातीची पेनकिलर लागूच पडत नाहीत, दुसरे मार्ग वापरावे लागतात. ब्युप्रेनॉर्फिनवरही डोसचं गणित बदलतं. पाकिटात कार्ड ठेवा, औषधाचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून. आणि दारू, झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर ब्युप्रेनॉर्फिन धोक्याचं, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका.

ब्युप्रेनॉर्फिन ठरलं तर इंजेक्शनआधी त्याचीच जिभेखालची देऊन बघतील. तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा, शेवटची गोळी किती वाजता घेतली. लवकर दिली तर ब्युप्रेनॉर्फिन अंगातल्या गोळीला सीटवरून ढकलून देतं आणि सगळा विड्रॉवल एकदम अंगावर येतो. कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्यांना साधारण १२ तास तरी थांबवतात, आणि व्हिडिओवर डोळ्यांच्या बाहुल्या, जांभया, काटा बघून त्रास किती त्याचे मार्क देतात. तिथे वेळ खरी सांगितली पाहिजे. तुमच्या काउन्सेलर बाई मोजू नका म्हणाल्या ते याचसाठी असणार.

धागाकर्ती (अपडेट):
झालं सगळं, ब्युप्रेनॉर्फिनच ठरलं आणि पहिली जिभेखालची दिली. मला त्याने सांगितलं होतं शेवटची गोळी रात्री दहाला. मी त्या हिशोबाने सकाळी दहापासून घड्याळाकडे बघत बसलेली, की आता कॉल लागेल. डॉक्टरांनी दुपारी दोन वाजेपर्यंत थांबवलं, मी वैतागले, एवढा तडफडतोय पोरगा. दार बंद होतं, मी खाली जाऊन बसले होते, शपथ. संध्याकाळी जरा माणसात आल्यावर तो आपणहून म्हणाला, त्यांना मी रात्री पावणेदोन सांगितलं, खरं पावणेदोनच होतं. मी काही बोलले नाही. दहाच्या हिशोबाने दिली असती तर काय झालं असतं ते वरचं वाचून माझं मलाच कळलं.

दोन तासांत थरथर थांबली त्याची. रात्री झोपला, घोरत होता, मी दोनदा जाऊन श्वास बघून आले, ते काही माझ्याने सुटणार नाही. गुरुवारी पहिलं इंजेक्शन, साडेअकराला. मी सोबत जातेय, पण आत तो एकटा जाणार असं ठरलंय. नेताना काही लक्षात ठेवायचं का?

प्रतिसाद (सतरावाला):
सैल नाडीची पँट घालायला सांगा. पट्टा नको, गाठीवर घासतो.