तीन मूर्ती चौकातले सैनिक कोण?

आत्या: दिल्लीला जातोय म्हणून विचारते. तीन मूर्ती म्हणजे नेहरूंचा बंगला ना? मग मूर्ती कुणाच्या?

मामा: नेहरू १९६४ पर्यंत तिथे राहायचे, पण मूर्ती बंगल्याच्याही आधीच्या. बंगला १९३० चा, ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधलेला. समोरच्या चौकातल्या तीन ब्राँझच्या सैनिकांवरून त्याला हे नाव पडलं. शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर संस्थानांच्या घोडदळाचा एकेक जवान आहे. पहिल्या महायुद्धात हे तिन्ही एकाच ब्रिगेडमध्ये होते.

दादा: हैफावाले! हैफा म्हणजे आता इस्रायलमध्ये असलेलं बंदर, ते यांनीच जिंकलं. २०१८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू आले तेव्हा चौकाच्या नावात हैफा जोडलं.

मामा: हो. हैफाची लढाई २३ सप्टेंबर १९१८ ची. समोर तुर्कांच्या मशीनगन आणि तोफा, आपल्याकडे भाले-तलवारी. जोधपूरवाले किशोन नदीकडे निघाले तर काठाला फसवी वाळू, पुढे गेलेले टेहळे त्यातच रुतले. मग डावीकडे वळून कार्मेल डोंगराच्या पायथ्यावरून घोडे घातले. मेजर दलपतसिंह शेखावत तिथेच पडले. म्हैसूरच्या स्वारांनी डोंगरावरच्या तोफा घेतल्या. संध्याकाळच्या आत शहर हाती, १३५० कैदी.

मावशी: बापरे! पण घोडदळाचं स्मारक आणि एकही घोडा नाही? फोटोत तिघेही पायी उभे आहेत.

मामा: तेच मला खटकतं. त्या दिवशी माणसं ८ गेली, घोडे ६०. आणखी ८३ घोडे जखमी.

दादा: मामा, तुम्ही जोधपूर आणि म्हैसूरच सांगितलंत. हैदराबादचं काय?

मामा: ते त्या हल्ल्यात नव्हते, कैद्यांना मागे पोचवायच्या कामावर होते. तरी त्यांचा जवान तिथे उभा आहे, कारण स्मारक एकट्या हैफाचं नाहीच. सुएझ, सिनाई, पॅलेस्टाईन, सीरिया, ब्रिगेडच्या सगळ्या मोहिमेचं आहे. हैफाची आठवण जागी झाली याचा आनंदच आहे रे, पण आता सगळे तेवढंच सांगतात. वाळवंटात वर्षानुवर्षं पहारे दिले, त्यांचं कुणी नाव काढत नाही.

आत्या: मुलांना हे सगळं वाचून दाखवते. बंगल्यात जायच्या आधी चौक बघू.

मामा: नक्की बघा. पूर्ण फेरी मारा मात्र, तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. आणि मुलांना भारतीय सैन्याच्या ६१ कॅव्हलरी या घोडदळाच्या रेजिमेंटबद्दलही सांग. संस्थानांच्या या घोडदळांतून १९५३ मध्ये ती उभी राहिली, आजही घोड्यांवर आहे.