तेव्हा तिथे हत्ती होता: प्राणीसंग्रहालयं बदलली, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात सांगण्यासारखं प्राणीसंग्रहालय नाही. वाघ बघायचा तर दशम्या-चटणीचा डबा बांधून मुंबई, पुणे, संभाजीनगर नाहीतर सुरत गाठायची. एकाच ठिकाणी आपण जातो ते वीस-पंचवीस वर्षांनी, त्यामुळे मधला सगळा बदल एकदम अंगावर येतो.

माझंच सांगतो. लहानपणी राणीच्या बागेत गेलो तो हत्तीसाठी. परवा भाच्याला नेलं, तर त्याला फक्त पेंग्विन हवे होते. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आलेले हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. आम्ही भुसावळच्या उन्हातली माणसं. त्या गार खोलीत शिरताच आत्याने पदर कानावर ओढला आणि "आता इथून हलू नका रे" म्हणत भिंतीला टेकून उभी राहिली. काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे. एक जण शर्टाच्या बाहीने पुसतोय, दुसरा लगेच उमटवतोय. २०१७ मध्ये पाचाचं तिकीट पन्नासाला गेलं तेव्हा मी घरबसल्या चिडलो होतो, त्या दिवशी मुकाट्याने काढलं.

तुमचं काय? जुनं-नवं दोन्ही लिहा.

चाळीसगाव, निवृत्त शिक्षक

आमच्या शाळेची सहल ठरलेली. कन्नडचा घाट चढायचा, वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की, आणि शेवटी संभाजीनगरच्या बसस्टँडजवळचं सिद्धार्थ उद्यान. पोरं लेण्यांत जांभया द्यायची आणि उद्यानाच्या फाटकात जागी व्हायची. हत्ती आधी, मग वाघ. पुढे हत्ती गेले. २००९ साली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणीसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा आदेश काढला होता, पण पाचवीच्या पोराला आदेश कसा समजावणार? "सर, हत्ती रिटायर झाला का?" असं एकाने विचारलं. मी हो म्हटलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथले शक्ती आणि करिश्मा हे वाघ मुंबईला गेले, तेव्हा मात्र आपल्याच घरचं कोणी बदलीवर गेल्यासारखं वाटलं.

> सर, म्हणजे मी राणीच्या बागेत काचेला नाक लावून पाहिली ती तुमचीच करिश्मा! तिला बघायला आम्ही रात्रभर रेल्वेने गेलो, आणि ती मूळची घाटापलीकडची. – धागाकर्ता

नंदुरबार, गृहिणी

आम्हाला सुरत जवळ. सरथाण्याचं प्राणीसंग्रहालय तापीकाठी आहे, आपल्या प्रकाशा गावच्या पुलाखालून गेलेलं पाणीच तिकडे पोचतं. मुलं सिंहाकडे पळाली आणि सासूबाई पाणमांजरांपाशी अडकल्या. एक पाणमांजर मासा दोन्ही हातांत धरून, डोक्याकडून, कुडुमकुडुम आवाज करत खात होतं. अगदी भुईमुगाची शेंग फोडावी तसं. सासूबाई एकदम म्हणाल्या, "ह्या ते आपली तापीन्या शेतस!" (ह्या तर आपल्या तापीतल्याच!) त्यांच्या लहानपणी प्रकाशाला नदीत दिसायची म्हणे. मी तर जन्मात पहिल्यांदा पाहिली. अर्धा तास झाला तरी त्या हलेनात, शेवटी सिंह बघायचा राहिलाच.

अमळनेर, वय ७१

सगळे हळहळतायत म्हणून थोडं उलटं लिहितो. मी एका शहरात (नाव नको) गजांमागची वाघीण पाहिली आहे. सात पावलं, वळण, पुन्हा सात पावलं. फरशीवर तिच्या चालण्याचा काळपट पट्टा पडला होता. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते, त्यात मीही होतो. गावात सर्कस आली की सिंहाचा पिंजरा तर एवढा की त्याला धड वळताही येऊ नये. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं सर्कशीच्या खेळातून काढायला लावली. उशीरच झाला, पण झालं.

पुण्याचंही तसंच. पेशवे पार्कमधले प्राणी १९९९ मध्ये कात्रजला १३० एकरांत नेले. तिथे नातवाला घेऊन गेलो तर वाघ झुडपात. दिसली फक्त शेपटी, तीही माश्या वारण्यापुरती. सून वैतागली, "एवढ्या लांबून येऊन शेपटी?" मला ती शेपटी आवडली. त्याची मर्जी नव्हती, तो आला नाही.

धुळे, इंजिनिअर

आजोबांशी सहमत, पण पूर्ण नाही. दोन पोरं, सहा तास एसटी, आणि चार पिंजऱ्यांवर "दुरुस्ती चालू" अशी पाटी असेल तर माणूस चिडणारच. जो प्राणी नाही त्याचा बोर्ड तरी काढा! माझ्या मुलीने एका रिकाम्या पिंजऱ्यातल्या कावळ्यालाच दहा मिनिटं टाटा केलं.

मुक्ताईनगर, केळी उत्पादक

तुमचं सगळं वाचून हसू येतंय. आमच्याकडे डोलारखेड्याच्या बाजूला वाघ केळीतच मुक्कामाला असतो. गारवा, पाणी, रानडुक्कर, त्याला अजून काय पाहिजे? ना तिकीट, ना काच. लाईट रात्रीची, म्हणून बारा वाजता मोटर चालू करायला जावं लागतं. मागच्या पावसाळ्यात सकाळी ठिबकच्या नळीशेजारी ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला. मी शेजारी तळहात टेकवून बघितला. जवळजवळ तेवढाच. आणि तो पंजा माझ्या रात्रीच्या चपलेच्या ठशावर पडलेला होता.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. मोटरला ऑटो स्टार्टर मात्र त्याच आठवड्यात बसवला.