३० लाख टूथब्रशांची बातमी: चूक छापणाऱ्याची की पुढे ढकलणाऱ्याची?

आडवातिडवा
फेब्रुवारी २०२४ मधली ती बातमी आठवतेय? ३० लाख स्मार्ट टूथब्रश हॅक झाले, सगळे मिळून एका स्विस कंपनीच्या वेबसाइटवर तुटून पडले आणि साइट झोपली. काही दिवसांतच बातमी जगभर. मीही ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, वर "आता दातसुद्धा सुरक्षित नाहीत" अशी कोटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात फेस आणि हातात तसाच ब्रश. म्हटलं, याला वायफाय कुठाय? हा ब्लूटूथवर फोनशी बोलतो, तेही फोन जवळ असला तर. हा कुठल्या वेबसाइटवर हल्ला करणार, कप्पाळ!

मग मूळ बातमी शोधली. एका स्विस वृत्तपत्राने ती फोर्टिनेट या सुरक्षा कंपनीच्या हवाल्याने छापली होती. हल्ला झालेल्या कंपनीचं नाव नाही, ब्रशचा मेक नाही, तारीख नाही. बोंबाबोंब झाल्यावर फोर्टिनेट म्हणाली, ते नुसतं उदाहरण होतं, भाषांतरात गोंधळ झाला. वृत्तपत्र म्हणालं, आम्हाला खरी घटना म्हणूनच सांगितली आणि छापण्याआधी मजकूर तुम्हाला दाखवलाही होता. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ. मधल्या काळात इतक्या साइट्सनी तीच बातमी "वृत्तानुसार" म्हणत उचलली, त्यांपैकी कोणाला ब्रश हातात धरून बघावंसं वाटलं नाही? बातम्या दहा, साक्षीदार एक. आणि तोही सुरक्षेची सामग्री विकणारा.

तेव्हापासून माझा नियम: मोठी टेक-बातमी आली की तीन दिवस हात लावायचा नाही. शेअर नाही, मतप्रदर्शन नाही. पटतंय का?

सर्व्हरखोली
नाही पटत. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. लॉगफोरजे या असंख्य सर्व्हरांवर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतलं (तयार कोडमधलं) भगदाड उघड झालं होतं. माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप केली की समोरचा सर्व्हर ताब्यात, असं लोक दाखवत होते. तीव्रता १० पैकी १०. मला ते कळलं फोनवरच्या एका सनसनाटी मथळ्यामुळे, कुठल्या अधिकृत पत्रामुळे नाही. तुमच्या नियमाने मी सोमवारपर्यंत शांत बसलो असतो आणि मंगळवारी नोकरी शोधत असतो.

आडवातिडवा
अहो, पण त्या बातमीत लायब्ररीचं नाव होतं, आवृत्त्या होत्या, तपासायचा कोड होता. तुम्ही अर्ध्या तासात स्वतः पडताळू शकत होतात. टूथब्रशमध्ये पडताळायला काय होतं? बरं, तीन दिवस मागे घेतो. पण ज्या बातमीत तपासण्याजोगं काहीच नाही, ती मी अफवा धरणार.

सर्व्हरखोली
तुम्ही-मी पडताळू. वाचक काय करणार? आणि आम्हीही कुठे एकदाच पडताळून सुटलो! लॉगफोरजेचं दुरुस्त अपडेट २.१५ टाकलं, ते अपुरं निघालं म्हणून २.१६, मग २.१७. दहा दिवसांत तीनदा. पहिल्या दिवशीच्या बातम्यांतला "हे अपडेट करा, झालं" हा सल्ला तेव्हा बरोबरच वाटत होता. चालू घटनेची बातमी कच्चीच असणार.

जुनाडेस्क
मी एका पोर्टलवर (नाव नको) दोन वर्षं टेकचं डेस्क सांभाळलंय, म्हणून राहवत नाही. दिवसाला १२ बातम्या लिहायच्या. प्रेसनोट आदल्या दिवशी येते, वर वेळ लिहिलेली: अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही. ती वेळ झाली की सगळ्या साइट्स एकाच मिनिटाला सुटतात. पाच मिनिटं उशीर झाला तर वरून फोन, "आपली का नाही लागली?" चुकीची लागली म्हणून मला कधी फोन आला नाही.

मथळ्याचं तर विचारूच नका. मी लिहायचो "कंपनीचा दावा". नोटिफिकेशनमध्ये जागा पुरत नाही म्हणून पहिला उडायचा तो "दावा". बाकी वाक्य तसंच. खाली नाव माझं, शिव्या मला.

खवचट
म्हणजे वाचकाची चूक नाही, बातमीदाराची नाही, कंपनीची तर नाहीच. ब्रशचीच असणार.

जुनाडेस्क
@खवचट, हसा. पण @आडवातिडवा, तुमचा सुधारलेला नियमही टिकत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये थेरानॉस या रक्ताच्या थेंबभरात तपासण्या करण्याचा दावा करणाऱ्या अमेरिकन कंपनीचं बिंग वॉल स्ट्रीट जर्नलने फोडलं, तेव्हा बरीच मदार नाव न छापलेल्या माजी कर्मचाऱ्यांवर होती. घरबसल्या वाचकाला तपासण्याजोगं काय होतं त्यात? उलट कंपनीची बाजू अगदी झकपक: फोटो, मुलाखती, मासिकांची मुखपृष्ठं. तुमच्या चाळणीतून खरी बातमी गळाली असती आणि मुखपृष्ठं राहिली असती. फरक इतकाच, की त्या बातमीदाराने महिनोन्महिने घातले होते. मला दुपारच्या जेवणाएवढाही वेळ नसायचा.

प्रयोगवही
मला तर या गवगव्याचं एवढं वाईट वाटत नाही. जुलै २०२३ मध्ये कोरियन संशोधकांनी एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) असल्याचा दावा केला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ घराघरांत गेला. गवगवा झाला म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या आणि ऑगस्ट संपायच्या आत उलगडा झाला: रोध अचानक घसरतो तो त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे. शुद्ध स्फटिक तर चक्क विद्युतरोधक निघाला. सामान्य वाचकाला विज्ञान चुका कशा दुरुस्त करतं ते इतकं जवळून एरवी कधी दिसतं?

आडवातिडवा
दिसलं कोणाला? "जग बदलणार" हे पोचलं, "कॉपर सल्फाइड" किती जणांपर्यंत पोचलं? माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी परवापरवापर्यंत विचारत होता, "ते तरंगणारं कधी बाजारात येतंय?"

थेरानॉसचा मुद्दा मात्र लागला. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

सर्व्हरखोली
पण एक सांगा, ऑफिसच्या ग्रुपवर तुम्ही दुरुस्ती टाकलीत का? की फक्त इथे पत्रकारांना धारेवर धरताय?

आडवातिडवा
टाकली की. सविस्तर, फोर्टिनेटच्या खुलाशासकट. कोटीला २३ हसरे चेहरे आले होते. दुरुस्तीला दोन अंगठे आणि एक प्रश्न: "म्हणजे ब्रश अपडेट करायचा की नाही?"