मदत हवी आहे : डिफेंडर म्हणून सगळं कळायचं, कोच म्हणून पोरांना शिकवता येत नाहीये

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३४. चौदा सीझन प्रोफेशनल फुटबॉल खेळलो, पहिली दोन वर्षं राइट बॅक (उजवीकडचा डिफेंडर) आणि नंतर कायम सेंटर बॅक (मधला). मागच्या सीझनला गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं, मेनिस्कसचं, आणि परत आल्यापासून वळायला अर्धा सेकंद उशीर होतोय. आधी स्ट्रायकरनं पाठीमागच्या जागेत बॉल टाकला की मी कोन धरून त्याच्या आधी पोचायचो, आता त्याची पाठ दिसते. क्लबचं म्हणणं असं की हवं तर अजून एक वर्ष कॉन्ट्रॅक्ट घे, पण बहुतेक बेंचवरच बसशील, नाहीतर आत्ताच थांब आणि अंडर सेव्हन्टीनचा असिस्टंट कोच हो. म्हटलं आधी करून बघू, म्हणून दोन महिने रोज संध्याकाळी त्या पोरांबरोबर जातोय.

आणि इथंच अडकलोय.

खेळताना मला मागून अख्खं मैदान दिसायचं. नव्वद मिनिटं माझं तोंड चालू असायचं, वर या, मागे माणूस आहे, वेळ आहे तुला, डावीकडे सरक, सोड त्याला मी घेतो. आमच्या गोलकीपरचा आणि माझा आवाज मॅच संपेपर्यंत बसलेला असायचा. आता टचलाइनवर उभा राहतो तर मैदान बाजूनं दिसतं, सगळे एकमेकांवर चढल्यासारखे, दोन फळ्यांमधलं अंतर कळतच नाही, आणि तरी सवयीनं ओरडत राहतो. गेल्या महिन्यात एका मॅचमध्ये लेफ्ट बॅक फार बाहेर गेला होता, मी जोरात ओरडलो "आत ये", त्या पोरानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागून विंगर आत शिरला आणि गोल. त्याची चूक नव्हती हो. तो माझ्याकडे बघत होता म्हणून त्याला माणूस दिसला नाही. रात्रभर तेच डोळ्यासमोर.

दुसरी गोष्ट. एका पोरानं विचारलं, सर, डिफेंडरांची लाइन वर कधी न्यायची आणि मागे कधी पडायचं हे कसं कळतं? माझ्या तोंडून आलं "कळतं रे खेळून खेळून". चौदा वर्षं जे केलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. घरी येऊन कागद घेऊन बसलो. तेव्हा हळूहळू सुचलं की मी बॉलकडे कमी आणि बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जास्त बघत होतो. त्यानं मागे पास दिला, किंवा त्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, किंवा मान खाली घालून बॉल सावरतोय, तर तो लांबचा पास देऊ शकत नाही, म्हणजे वर चला. त्याच्यावर कुणाचा दबाव नाही, मान वर आहे आणि पाय मागे घेतोय, तर पास सुटायच्या आधीच मागे पडा. दुसऱ्या दिवशी हे सगळं बोर्डावर काढून सांगितलं, पोरांनी माना डोलावल्या, आणि मैदानावर उतरल्यावर परत तेच. एक वर गेला, तिघं मागे.

बाकीच्यांनी काय केलं ते वाचत बसलोय सध्या. जर्मनीचा डिफेंडर बेकेनबाउअर, त्याच्याकडे तर कोचिंगचा परवानाही नव्हता, १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीची टीम हातात आली तेव्हा पद 'टीमचेफ', म्हणजे टीमप्रमुख, नावाचं ठेवलं, आणि १९७४ ला कॅप्टन म्हणून जिंकलेला वर्ल्ड कप १९९० ला कोच म्हणूनही जिंकला. पण ती माणसं वेगळी, त्यावरून मी माझं ठरवू शकत नाही.

तर विचारायचंय ते हे. जे अंगवळणी पडलंय ते शिकवायचं कसं? आणि ते बेंचवरचं वर्ष घेऊ की सोडू? कृपया मनापासून सांगा, महिनाअखेर क्लबला उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद १ (जुना_स्टॉपर)

मीही स्टॉपरच, म्हणजे सेंटर बॅकच होतो, आता बारा वर्षं यूथ टीम बघतोय. तुमचा लेफ्ट बॅकवाला प्रसंग वाचून गलबलून आलं, माझ्याकडून तंतोतंत असंच झालंय.

एक करून बघा. तुम्ही ओरडायचं पूर्ण बंद करा, निदान प्रॅक्टिसमध्ये तरी. अर्ध्या मैदानावर सहा अटॅकर विरुद्ध चार डिफेंडर आणि गोलकीपर, आणि दर चार मिनिटांनी एका डिफेंडरकडे आवाज द्या, म्हणजे लाइन वर-खाली करायचा हुकूम फक्त त्याचा. बाकीच्यांनी चूक वाटली तरी ऐकायचं. पहिले दोन-तीन दिवस भयंकर दिसेल, गोलवर गोल होतील, थांबवू नका. तीच चूक परत परत झाली तरच शिट्टी मारा आणि सगळ्यांना आहे तिथं उभं करा, आणि सांगू नका, विचारा : बॉलवाल्याची मान कुठे होती? तुला काय दिसलं? उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या, वेळ लागला तर लागू द्या. तुमचा तो कागद बरोबरच आहे, फक्त तो बोर्डावर न सांगता खेळातून बाहेर काढायचाय.

आणि शक्य असेल तर गोलच्या मागून, जरा उंचावरून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. तुमचे डोळे मागून बघायला तयार झालेत, ते का वाया घालवताय!

जर्मन कोच युर्गन क्लॉपचं उदाहरण तुम्हाला जास्त जवळचं आहे असं मला वाटतं. जर्मनीतल्या मेन्झ क्लबमध्ये तो आधी स्ट्रायकर, मग राइट बॅक. तिथे वोल्फगांग फ्रँक नावाच्या कोचनं लिबेरो (फळीच्या मागे मोकळा राहणारा डिफेंडर) काढून चौघांची सरळ फळी आणि झोनल बचाव (माणूस नाही, जागा सांभाळायची) आणला, आणि क्लॉप तो आतून शिकला. खेळता खेळता स्पोर्ट्स सायन्सची पदवीही घेतली. २००१ मध्ये त्याच क्लबचा कोच झाला तेव्हा माणूस मोठा खेळाडू नव्हता, पण फळी कशी हलते हे त्याला शब्दांत सांगता यायचं. तुम्हीही तेच करायला बसलाय, कागद घेऊन.

प्रतिसाद २ (रात्रीची_मॅच)

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मी जरा कडक बोलतो. परवान्याचं काय? सी, बी, ए, प्रो ही शिडी चढायला वर्षं जातात आणि मधल्या टप्प्यांवर तुम्ही प्रत्यक्ष टीम हाताळताय का ते बघतात, म्हणजे अंडर सेव्हन्टीनचं काम हातात असणं हाच मोठा फायदा.

इंग्लंडचा डिफेंडर साउथगेट बघा. २००६ मध्ये मिडल्सब्रो क्लबचा कॅप्टन होता तो सरळ मॅनेजर झाला, प्रो लायसन्स नव्हतं, खास परवानगी घ्यावी लागली. २००९ ला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली आणि नोकरीही गेली. पण नंतर २०१३ पासून तीन वर्षं इंग्लंडच्या अंडर ट्वेंटी वनबरोबर राहिला आणि तिथून सीनियर टीम, दोन युरो फायनल. मला त्याचा दुसरा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. राइट बॅक गॅरी नेव्हिल इंग्लंडच्या स्टाफमध्ये असूनही स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबला कोच म्हणून गेला आणि लीगच्या सोळा मॅचमध्ये तीनच जिंकला, चार महिन्यांत बाहेर. उलट स्कलोनी, तोही राइट बॅकच, आधी अर्जेंटिनाचा तेव्हाचा कोच सांपाओली, त्याच्या स्टाफमध्ये मागे उभा राहिला, २०१८ ला हंगामी म्हणून अर्जेंटिना मिळाली तेव्हा किती टीका झाली, आणि २०२२ ला वर्ल्ड कप.

असिस्टंट हे पद कमी समजू नका. गुडघा तुमचाच आहे, मी बेंचवरचं वर्ष घेतलं नसतं.

प्रतिसाद ३ (जुना_स्टॉपर)

@रात्रीची_मॅच, इथे मी थोडा असहमत. बेंचवरून सीनियर कोच कसा बोलतो, हाफटाइमला पंधरा मिनिटांत काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे खेळाडू म्हणूनच जवळून दिसतं. क्लब दोन्ही एकत्र करू देत असेल तर विचारून बघायला हरकत नाही. नाही म्हटले तर मात्र पोरं निवडा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. क्लबला विचारलं, दोन्ही एकत्र जमणार नाही म्हणाले. परवा सही केली, अंडर सेव्हन्टीनची. बूट काढून बॅगेत ठेवताना हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

सहा विरुद्ध चार तीन आठवडे करतोय. पहिल्या आठवड्यात गप्प राहणं इतकं अवघड गेलं की मी हात पाठीमागे बांधून दात घट्ट दाबून उभा राहायचो. आणि काल तोच लेफ्ट बॅक, त्याची चार मिनिटं चालू होती, समोरच्यानं मागे पास दिला आणि पोरगं ओरडलं "वर!" आणि चौघं एकदम वर सरकले. मी मनात "वर" म्हणायच्या आधी तो म्हणाला. दोन स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये, म्हणजे आमच्या फळीच्या मागे अडकून उभे, त्यांना पास देऊन उपयोग नाही.

पण आता नवीन अडचण. शनिवारच्या मॅचमध्ये असेच वर गेलो आणि त्यांचा मिडफिल्डर मागून उशिरा पळत आला, तो ऑनसाइड, आणि आमच्या मागे सगळं मोकळं. आमच्या प्रॅक्टिसमध्ये असा मागून येणारा माणूसच नसतो, त्यामुळे पोरांना तो माहितीच नाही. त्याला आत कसा घालू?

प्रतिसाद ४ (जुना_स्टॉपर)

वा! मन भरून आलं वाचून. सातवा अटॅकर हाफलाइनवर ठेवा, त्याला बॉल द्यायचा नाही, आणि अटॅकरनं मागे पास दिला की लगेच त्याला सोडा. वर जाताना एकानं खांद्यावरून मागे-पुढे बघायलाच पाहिजे असा नियम करा, कोणी बघायचं ते पोरांनाच ठरवू द्या. आणि गोलकीपरला दोन पावलं पुढे उभा करा, ती मोकळी जागा त्याची आहे.