मदत हवी आहे: दहा बाय साडेनऊच्या खोलीत आजी आणि आठवीतली नात, दोघींची सोय कशी लावू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा टू बीएचके आहे. लहान बेडरूममध्ये ७६ वर्षांच्या सासूबाई आणि आठवीतली माझी मुलगी अशा दोघी राहतात. मे महिन्याच्या सुट्टीत ही खोली नव्याने लावून घ्यायची आहे. सुतार येऊन गेला, पण त्याचा आराखडा मनाला पटत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी इथे विचारते आहे.

खोली पूर्व-पश्चिम दहा फूट, उत्तर-दक्षिण साडेनऊ. छतही साडेनऊ फुटांवर. दार पूर्वेच्या भिंतीत, अगदी आग्नेय कोपऱ्याला. ते आत उघडतं आणि दक्षिणेच्या भिंतीला टेकतं, त्यामुळे त्या भिंतीची पावणेतीन फूट जागा दारातच जाते. पश्चिमेला मधोमध चार फुटी खिडकी. वायव्य कोपऱ्यात कॉलम नऊ इंच बाहेर आलेला. पंखा खोलीच्या मध्यावर. उत्तरेची भिंत बाहेरची आहे आणि पावसाळ्यात तिला खालून ओल येते. बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये.

आत्ता तिथे पाच बाय साडेसहाचा सागवानी डबल बेड आणि तीन फूट रुंदीचं लोखंडी कपाट आहे. बेड सासऱ्यांनी लग्नानंतर करून घेतलेला, त्यामुळे सासूबाई तो विकू देणार नाहीत, आणि मलाही तसं सांगायचं नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रात्री त्यांना उठावं लागतं आणि बेड व कपाट यांच्यामधून वॉकर नीट वळत नाही. त्या उठल्या की मुलीचीही झोप मोडते. मुलीच्या अभ्यासाचं टेबल खोलीत मावत नाही म्हणून ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. आठवीपर्यंत निभावलं, पण नववी-दहावी तशी काढायची नाही.

सुतार म्हणतो बंक बेड करा, म्हणजे जमीन मोकळी राहील, आणि उत्तरेला भिंतभर स्लायडिंग वॉर्डरोब. सासूबाई खाली, मुलगी वर. कागदावर सुटसुटीत दिसतं, पण मला धास्ती वाटते.

मुलीला आमच्या खोलीत किंवा हॉलमध्ये झोपवा असं कृपया सुचवू नका. दोघींनाही एकमेकींची सोबत हवी आहे, नातीला तर आजीच्या खोलीतून हलायचंच नाही. फक्त प्रत्येकीला हक्काचा कोपरा मिळावा एवढंच हवंय. सासूबाई साडेनऊला झोपतात आणि पाचला उठतात, मुलगी अकरापर्यंत वाचत बसते. शिवाय उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे सासूबाईंचं पक्कं आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमची धास्ती रास्त आहे. बंक बेडचा हिशोब मांडून बघा. वरच्या गादीचा पृष्ठभाग साधारण पाच फुटांवर येतो. त्यावर मुलगी बसली की डोकं साडेसात फुटांच्या वर. फूटभर दांडीचा पंखा घेतला तर पाती साडेआठ फुटांवर फिरतात. म्हणजे हात वर केला की संपलं. साडेनऊ फूट छताच्या खोलीत मधला पंखा आणि बंक बेड एकत्र नकोच.

आणि खालच्या बेडवर सासूबाई उठून बसतील तेव्हा डोक्यावर फळी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठताना पुढे झुकून उभं राहावं लागतं, त्यात नेमकी अडचण होईल.

भिंतभर वॉर्डरोबलाही माझा विरोध आहे. खोली ९५ चौरस फुटांची. दोन फूट खोल आणि दहा फूट लांब म्हणजे २० चौरस फूट गेले, खोलीचा पाचवा हिस्सा. तोही ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवून!

प्रतिसाद २

मी इंटिरियरचं काम करतो. ही खोली लहान आहे असं समजून हातपाय गाळू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या दुसऱ्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर सांगितले आहेत, तुमची पावणेनऊच्या वर भरते. अडचण डबल बेडची आहे. दोन माणसांसाठी तो एकच मोठा चौकोन होतो आणि त्याभोवती फक्त चिंचोळ्या वाटा उरतात. दोन सिंगल बेड समोरासमोरच्या भिंतींना लावले की सगळी मोकळी जागा मध्ये एकत्र येते.

मापं अशी बसतात. आजींचा बेड उत्तरेच्या भिंतीलगत, तीन फूट बाय सव्वासहा, ईशान्य कोपऱ्यापासून सुरू. उशी पूर्वेला. डोकं उत्तरेला येत नाही आणि दारही जवळ. बेडच्या पायथ्यापासून कॉलमपर्यंत बरोबर तीन फूट उरतात, तिथे तुमचं लोखंडी कपाट. रंगाचे थर, गिलाव्याचा उंचवटा यात अर्धा-एक इंच इकडेतिकडे होतो, म्हणून कपाट आधी टेपने मोजा. कमी पडलं तर आजींचा बेड सहा फुटांचा करा. मुलीचा अडीच फुटी दिवाण दक्षिणेच्या भिंतीला, नैऋत्य कोपऱ्यापासून सव्वासहा फूट. म्हणजे दारासाठी जागा सोडूनही फूटभर शिल्लक.

दोन्ही बेडच्या मध्ये चार फूट वाट मिळते. वॉकर वळायला ती पुरते. त्या वाटेच्या पश्चिम टोकाला, खिडकीखाली, साडेतीन फूट लांब आणि दीड फूट खोल टेबल. पंखाही वाटेवरच येतो, दोघींना वारा.

साठवणीसाठी दिवाणाखाली बॉक्स करा. आजींच्या बेडखाली हायड्रॉलिक बॉक्स नको, गादीसकट फळी उचलायची आणि वस्तू काढायला खाली वाकायचं, हे त्यांच्याने होणार नाही. खाली पाय सरकवायला मोकळं ठेवा. गादीसकट उंची आजींना बसवून ठरवा, म्हणजे पाय जमिनीवर टेकतात आणि गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं.

प्रतिसाद ३

सागवानी बेडबद्दल लिहितो, कारण आमच्याकडेही असाच प्रश्न होता. जुन्या सागाचा बेड खोलता येतो. चांगला सुतार असेल तर त्याच लाकडातून आजींचा सिंगल बेड करेल. उशाची कोरीव फळी मात्र कापू नका. रुंदी पाच फूट असेल तर ती सव्वासहा फूट लांबीच्या बेडच्या भिंतीकडच्या लांब बाजूला टेकण म्हणून बसते. आजींना भिंतीला टेकून बसता येईल आणि सासऱ्यांची वस्तू रोज पाठीशी राहील. उरलेल्या फळ्यांतून टेबलाचा वरचा भाग निघतो का, तेही सुताराला विचारा.

एक काळजी घ्या. तयार गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या येतात. गादीचं माप ठरवून मगच बेड करायला सांगा, नाहीतर कायमची फट राहते.

ओल येते त्या भिंतीपासून कपाट आणि बेड दोन-तीन इंच पुढे ठेवा, हवा खेळती राहिली की बुरशी धरत नाही. दिवाणाच्या बॉक्सला प्लाय घ्याल तर त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहून घ्या. आयएस ३०३ चा साधा, एमआर दर्जाचा प्लाय दमट खोलीत फुगू शकतो. आणि बाहेरच्या भिंतीची ओल आधी सोसायटीकडून दुरुस्त करून घ्या. आतून रंग लावून ती थांबत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! काल बेड हॉलमध्ये काढून खडूने फरशीवर सगळं आखलं. वॉकर घेऊन सासूबाईंना चालायला लावलं, आरामात वळल्या. कपाट ३६ इंचच आहे, पण कॉलमशेजारी फार घट्ट बसतंय, म्हणून बेड सहा फुटांचा करणार. त्यांची उंची चार फूट अकरा, पुरेल. कोरीव फळी पाठीशी ठेवायची ही गोष्ट त्यांना इतकी आवडली की सुतार कधी येणार म्हणून दोनदा विचारून झालं.

एकच प्रश्न उरला. मुलीच्या टेबलावरचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर येईल का? मधोमध पडदा लावला तर वारा अडेल.

प्रतिसाद २

पूर्ण पडदा नको. टेबलाकडे तोंड करून बसल्यावर मुलीची पाठ आजींकडे येते, त्यामुळे बराचसा प्रकाश तिच्यामुळेच अडतो. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे ठेवायचा, म्हणजे दक्षिणेला, आजींपासून आणखी लांब. खोल टोपी असलेला, पिवळसर उजेडाचा दिवा घ्या. तरीही त्रास झाला तर आजींच्या उशाकडच्या तीन फुटांपुरता सरकता पडदा लावा, पायथ्याकडून वारा येत राहील.

वायरिंग फर्निचरच्या आधी करा. आजींना पडल्या-पडल्या हाताला येईल असं बटण उशाशी हवं, आणि दाराच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवा. टेबलाजवळ दोन प्लग पॉइंट लागतील. दिवाण आल्यावर दक्षिणेच्या भिंतीवरचा बोर्ड झाकला जात नाही ना, ते खडूच्या रेषेवरून आजच बघून घ्या.