मदत हवी आहे: नाशिकमध्ये स्टोमा असलेल्या कुणाशी बाबांना बोलता येईल का?

नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाबांना इलिओस्टोमी झाली आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढलंय (यालाच स्टोमा म्हणतात) आणि त्यावर लावलेल्या पिशवीत शौच जमा होतं. देखभाल आता जमते. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करायची, पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या प्लेटचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, नाहीतर भोवतीची कातडी सोलवटते. शरीरातून पाणी आणि मीठ फार जातं, म्हणून ओआरएस कायम घरात असतं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. रोज संध्याकाळी भजनी मंडळात जाणारे बाबा आता दाराबाहेर पडत नाहीत. वास येईल, चारचौघांत आवाज होईल, पिशवी सुटेल, हीच धास्ती. आम्ही समजावलं की म्हणतात, "तुम्हाला काय कळणार?" आणि खरंच आहे ते. डॉक्टर, नर्स मनापासून सांगतात, पण पिशवी लावून एसटीने प्रवास केलेला, लग्नाच्या पंगतीत जेवलेला माणूसच त्यांना पटेल.

मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाला (स्टोमा असलेल्यांसाठीची संस्था) विचारणार आहोतच. पण फोनवर बाबा मोकळे होत नाहीत, समोर माणूस लागतो. नाशिक, नाशिक रोड, देवळालीत कुणी स्वतः स्टोमासोबत जगत असेल, शक्यतो साठीच्या आसपासचे काका, आणि तासभर भेटायला तयार असतील तर कृपया मला मेसेज करा. तुमच्या घरी येऊ किंवा बाहेर भेटू. नाव कुठेही सांगणार नाही. त्यांच्या घरातल्या काकू आईशी बोलल्या तर फारच बरं होईल, तीही आतून खचली आहे.